निजून सांगतो

आमच्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्षआक्का, म्हणजे तुमच्याकडच्या सरपंच, भर सभेत झोपायच्या, हे मी आधीच सांगून टाकते. मी तिथली पीडीओ, म्हणजे ग्रामसेविका; नंतर कुणी मला म्हणायला नको की पीडीओबाई, तुम्ही चांगलं तेवढंच लिहिलंत. झोपायच्या म्हणजे डुलकी काढायच्या असंही नव्हे. खुर्चीत पाय वर घ्यायच्या, पदर डोक्यावरून पुढे ओढायच्या, हनुवटी छातीला टेकायची, आणि ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये पंख्याच्या घरघरीला दुसऱ्या घरघरीची साथ मिळायची. सदस्य एकमेकांवर ओरडत असायचे. गटार कुणाच्या दारातून न्यायचं, बोअर कुणाच्या गल्लीत मारायचं. बऱ्याच वेळाने आक्का डोळे उघडायच्या आणि गाडी जिथे अडली असेल नेमकं तिथलंच बोलायच्या. कधी ते पटायचं, कधी नाही. पण त्या ऐकत नव्हत्या असं कुणाला म्हणता यायचं नाही.

आणि फारच अवघड काही समोर आलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "निजून सांगतो."

आमच्या बेळगाव-निपाणीकडे बायकासुद्धा 'येतो', 'जातो' असंच बोलतात. मी निपाणीची, सासर बेळगावात, त्यामुळे मला त्यात काही वाटत नाही. पुण्याच्या जाऊबाईंना मात्र हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी मधेच विचारलं, "पण हा झोपणारा गृहस्थ कोण?" तेव्हापासून मी तो किस्सा त्यांना सांगायचं सोडून दिलं आहे.

आक्का सिद्दी होत्या. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं मालकांच्या हातून निसटली, घाट चढून वर आली आणि जंगलात राहिली. त्यांची ही पुढची पिढी. खानापूरच्या पलीकडे रानात त्यांच्या वाड्या आहेत. आक्कांचा रंग काळाभोर, कपाळ रुंद, केस दाट कुरळे, त्यात कुठेकुठे पांढरं. बोलणं मात्र आपलंच. मराठी, कोकणी आणि कन्नड एका ताटात कालवलेलं.

मला त्या आठवतात त्या नेहमी थोड्या धूसर. त्याला कारण तिथलं धुकं असेल. सकाळी बेळगावहून निघालेली माझी बस पिरनवाडी सोडली की झाडीत शिरायची आणि मी खिडकीला डोकं टेकवून पेंगायची. उतरेपर्यंत अर्धी झोप अंगावरच असायची, आणि पंचायतीच्या पायरीवर धुक्यात एक काळी आकृती बसलेली दिसायची. "आलीस? ये. च्या सांगितलाय," असं ती आकृती म्हणाली की मला जाग यायची. ऑफिसात त्या मला मॅडम म्हणत, पायरीवर पोरी म्हणत. पायरी आणि ऑफिस यांत एका उंबऱ्याचं अंतर होतं आणि त्यांनी ते कधी चुकवलं नाही.

गावात नवीन माणूस आला की तो आक्कांकडे बघत राहायचा. बँकेचा साहेब, औषधांच्या कंपनीचा माणूस, पाहुण्यांकडे आलेली पोरंटोरं. आक्का शांतपणे बघू द्यायच्या. मग म्हणायच्या, "बघून झालं? आता मी बघतो." आणि खरंच बघायच्या. जितका वेळ समोरच्याने बघितलं असेल तितका वेळ, हनुवटीपासून केसांपर्यंत, काहीही न बोलता. एकदा एका तरुण साहेबाने त्या नजरेखाली शर्टाचं वरचं बटण लावलं, केस सारखे केले आणि शेवटी आपलं काम काय होतं तेच विसरून निघून गेला. त्यांच्या मनात राग असायचा की गंमत, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

बेळगावात तर त्यांची वेगळीच तऱ्हा व्हायची. शहरात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलंमुली बरीच दिसतात. आक्का बसस्टँडवर उतरल्या की रिक्षावाले धावायचे. "मॅडम, व्हेअर गो?" आक्का विचारायच्या, "पिरनवाडीला येतोस काय रं? मीटर टाकणार असशील तरच बसतो." बेळगावात मीटरचं नाव काढणारं माणूस परदेशी असूच शकत नाही किंवा परदेशीच असलं पाहिजे, याचा त्या रिक्षावाल्याला निर्णय करता यायचा नाही.

एकदा जिल्ह्याच्या ऑफिसात अध्यक्षांची बैठक होती. मी झेरॉक्स काढायला गेले आणि परत येते तो आक्का गायब. गेटवरचा शिपाई म्हणाला, "त्या फॉरिनर बाई का? त्यांना पलीकडच्या बिल्डिंगीत पाठवलं. पासपोर्टचं काम तिकडं होतं." मी धावतच गेले. लांबलचक व्हरांडा, बाकावर आक्का बसलेल्या आणि त्यांच्या मागे एक आफ्रिकन मुलगी उभी राहून त्यांच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालत होती. नर्सिंगला शिकणारी, विशीतली पोर. तिचे डोळे रडून सुजलेले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण आक्का कन्नडातून काहीतरी विचारत होत्या आणि ती तिच्या भाषेत उत्तर देत होती.

"आक्का, अहो बैठक सुरू झाली! इथं काय बसलाय?"

"त्या बाबानं बसवलं म्हनून बसलो. ह्या पोरीचं काम सकाळपासनं हुईना झालंय. हितं तिचं कोन न्हाय. आता हिचं झालं की येतो."

त्या उठल्या, अर्ध्या डोक्याला वेण्या आणि अर्धं डोकं मोकळं अशा आत शिरल्या आणि टेबलामागच्या साहेबांशी कन्नडातून बोलू लागल्या. पोरीला सकाळपासून का ताटकळत ठेवलंय, काय कमी आहे ते एकदाच का सांगत नाही. साहेब आ वासून ऐकत राहिले. शेवटी भारावून म्हणाले, "तुमचं कन्नड फारच छान आहे हो!"

"तुमचं बी बरं हाय," आक्का म्हणाल्या.

पोरीचं काम झालं. बैठक अर्थातच बुडाली. परतीच्या बसमध्ये आक्का त्या पूर्ण घातलेल्या वेण्यांवर पदर न घेता बसल्या होत्या. झाडी सुरू झाल्यावर झोपल्या आणि जाग आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमचं हिरियरू सपनात येत्यात न्हवं," हिरियरू म्हणजे त्यांचे पूर्वज, घरात त्यांची जागा असते आणि त्यांना नारळ ठेवतात, "ते येत्यात तवा काय बोलत्यात ते मला कवा कळत न्हाय. पन आवाज कळतो. आज त्या पोरीचा आवाज तसा हुता बघ." मग पुन्हा म्हणाल्या, "पानी दिसतंय मला. लई पानी. मी दर्या कवा बघितला न्हाय, पन उठल्यावर ओठ खारट लागत्यात." बसच्या काचेवर धुकं साचलं होतं आणि बाहेरची झाडं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती.

हे सगळं सांगता सांगता मूळ गोष्ट राहून चालली, ती पाणंदीची. आक्का अध्यक्ष झाल्या त्या एका पाणंदीसाठी. दुसरं त्यांना काही नको होतं.

सिद्द्यांची वाडी आणि गाव यांच्यामध्ये शेतं होती आणि शेतांमधून जुनी पाणंद होती, बैलगाडी जाईल एवढी. त्या शेतांचे मालक म्हणजे गावचे आप्पा. आधीची बरीच वर्षं तेच अध्यक्ष होते. माणूस दुष्ट नव्हे. लग्नकार्याला पुढे, आजारी माणसाला स्वतःच्या गाडीतून बेळगावला नेणारा. पण ऊस लावला तेव्हा त्यांनी पाणंदीवर तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि फाटकाला कुलूप लावलं. तिथे पाणंद कधी नव्हतीच, ते माझं शेत आहे, असं म्हणू लागले. वाडीला गावात यायला मग जंगलातली वाट तेवढी उरली. त्या रानात अस्वलं आहेत. एका संध्याकाळी आक्कांची धाकटी बहीण गावातून दळण घेऊन परत जात होती आणि अस्वल समोर आलं. जीव वाचला. अर्धा चेहरा आणि एक डोळा गेला. वाडीतली पोरं त्याच वाटेने शाळेत येत होती. बऱ्याचदा येत नव्हती.

त्या वर्षी अध्यक्षपद आक्कांच्या प्रवर्गातल्या बाईसाठी राखीव आलं. गंमत अशी की त्यांना आप्पांनीच निवडून आणलं. झोपाळू बाई आहे, खुर्चीत बसेल, सही करेल, कारभार आपणच बघू, असा त्यांचा हिशेब. आक्का उभ्या राहिल्या आणि निवडून आल्यावर सगळ्यांसमोर कन्नडात एकच वाक्य बोलल्या, "ना न्याय माडाक बंदीन्री."

म्हणजे, मी न्याय करायला आले आहे. मराठी सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. कन्नड सदस्यांचे चेहरे पडले. कारण इकडच्या खेड्यातल्या कन्नडात 'न्याय' म्हणजे तंटा, भांडण. भावाभावांत न्याय सुरू आहे असं तिथे कुणी म्हटलं तर माणसं काळजीत पडतात. अर्ध्या हॉलला वाटलं बाई न्याय देणार, अर्ध्याला वाटलं बाई भांडायला आल्या. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, त्यांना नीट सांगायला सांगा, नक्की काय म्हणायचंय." मी पायरीवर आक्कांना विचारलं.

"दोन्ही," आक्का म्हणाल्या. "येक झाल्याबिगर दुसरं हुतंय व्हय गं?"

पण पाणंदीचं काही होईना. आक्कांनी आप्पांना घरी जाऊन विचारलं. आप्पांनी चहा पाजला आणि म्हणाले, "जंगलातली वाट चांगली हाय की. अस्वल काय रोज येतंय?" तालुक्याच्या साहेबांसमोरही त्यांनी तेच सांगितलं. वाट उत्तम आहे, मी स्वतः जातो-येतो. सदस्य आप्पांचेच. मी आक्कांना म्हटलं, आता काय करायचं?

"निजून सांगतो."

दुसऱ्या दिवशी पायरीवर म्हणाल्या, "यंदाची ग्रामसभा आमच्या वाडीवर घे."

नियमाने घेता येते. मी नोटीस काढली. तालुक्याहून साहेब यायचे होते, सगळे सदस्य यायचे होते. आता आप्पांची पंचाईत. फाटक उघडून साहेबांना पाणंदीतून न्यावं तर पाणंद आहे हे कबूल केल्यासारखं. ताठ माणूस. त्यांनी स्वतः पुढे होऊन सगळ्यांना जंगलातल्या वाटेने नेलं. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, पक्षी ओरडत होते. "बघा साहेब, किती छान वाट," आप्पा म्हणाले, आणि साहेबांना ते पटलंही. त्यांनी झाडांचे फोटो काढले.

वाडीच्या मधल्या मोठ्या झाडाखाली सभा भरली. आक्कांची बहीण पदराने अर्धा चेहरा झाकून दाराशी बसली होती. माणसं आली तशी वाडीतल्या म्हाताऱ्यांनी दमाम वाजवला, म्हणजे त्यांचा मोठा ढोल. पाण्याच्या, घरांच्या, रेशनच्या तक्रारी झाल्या. दुपारी जेवण झालं. मग पाणंदीचा विषय निघाला आणि आप्पा म्हणाले ते नेहमीचंच. साहेब म्हणाले, "वाट तर आहेच की जंगलातून. आम्ही आलो ना." सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

आक्कांनी पाय खुर्चीत वर घेतले आणि पदर डोक्यावर ओढला.

सुरुवातीला माणसं हसली. मग तिन्ही भाषांतून गप्पा सुरू झाल्या. मग गप्पाही संपल्या. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली, वाडीवर निळसर धूर पसरला आणि आक्कांची घरघर तेवढी चालू राहिली. उपाध्यक्ष माझ्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, मी घेऊ का अध्यक्षस्थान? सभा संपवून टाकतो." मी म्हटलं, "अध्यक्ष गैरहजर असले तर घेता येतं. त्या हजर आहेत." खरं सांगते, तेव्हा मला इतकं हसू येत होतं की मी मान वर केली नाही. मधूनच वाटायचं की आपण सगळेच त्यांच्या झोपेच्या आत बसलो आहोत, आणि त्या उठल्याशिवाय आपल्याला बाहेर पडता येणार नाही.

कडेच्या रानात काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. फांदी असेल, गाय असेल. साहेब ताडकन उभे राहिले. "हे काय होतं?"

आक्कांची बहीण उठून उजेडात आली आणि तिने चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला. साहेबांनी बघितलं आणि खाली मान घातली. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "दुसरी वाट नाही का इथून?"

सगळी वाडी आप्पांकडे बघत होती. आप्पा बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून मला माझाच राग आला. शेवटी ते उठले, कमरेच्या करगोट्याला अडकवलेली किल्ली काढली आणि म्हणाले, "चला. हिकडनं जाऊया."

आक्कांनी डोळे उघडले. "पानंद हाय. आप्पांनी स्वता सभेला दावली. लिवून घ्या मॅडम. आनि सभा संपली."

मी लिहून घेतलं. साहेबांनी सही केली. दमाम पुढे, मागे साहेब, सदस्य, वाडीतल्या बायका, कडेवरची पोरं, अशी ती वरात उसाच्या मधून निघाली. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला, पानांची सळसळ, पायाखाली मऊ माती. आप्पांनी फाटक उघडलं. आक्का त्यांच्याजवळ थांबून म्हणाल्या, "फाटक तुमचं ऱ्हाऊ द्या आप्पा. कुलूप तेवढं काढा." आप्पांनी कुलूप खिशात घातलं. साहेबांच्या डोळ्यांसमोर, साहेबांच्या पायांखालून गेलेली वाट पुन्हा बंद करणं त्यांना जमलंही नसतं.

नंतर मी त्यांना विचारलंच, "आक्का, त्या दिवशी खरंच झोपला होता?"

त्यांना वाईट वाटलं. "मग काय नाटक केलं व्हय? निजलो हुतो की. सपान बी पडलं. पानंदीतनं मानसं चाललीत, चाललीत, संपंनात. आमची जुनी, त्या बेळगावच्या पोरीसारखी. मी कडंला हुबी. मला कोन वळखंना."

"मग?"

"मग काय, बरं वाटलं."

आप्पांनी ते विसरावं अशी अपेक्षा नव्हतीच. काही महिन्यांनी अविश्वासाचा ठराव आला. बेळगावहून अधिकारी आले, हात वर झाले, आक्कांच्या बाजूने फारच थोडे. मी रागाने लाल झाले होते. माझा आवाज चढला, तो नियमात बसत नव्हता. आक्कांनी मला गप्प केलं. खुर्चीवरून उठल्या, चपला घातल्या, पायरीवर आल्या आणि म्हणाल्या, "चल पोरी, वाडीवर च्या पिऊन जा. शेवटची बस हाय तुला."

आम्ही पाणंदीने निघालो. फाटक उघडंच होतं, त्याच्यावर एक वेल चढायला लागली होती. माझं तोंड चालूच होतं, की हा अन्याय आहे, की मी वर लिहिणार, की निपाणीच्या माझ्या वकील भावाला विचारणार. आक्का पाणंदीच्या मधोमध थांबून उसाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर खुर्ची गेल्याचं काही दिसत नव्हतं. काहीतरी दुसरं होतं, आणि मला भीती वाटली की आता त्या रडणार.

तेवढ्यात मागून गलका ऐकू आला. शाळा सुटली होती. वाडीची पोरं घरी निघाली होती, दप्तरं पाठीवर आपटत, कुणाचं तरी खोडरबर कुणीतरी चोरलं म्हणून मोठमोठ्याने भांडत. पुढे दोन वेण्यांची, कुरळ्या केसांची एक पोरगी होती, पहिलीतली असेल. ती भांडायच्या नादात थेट आक्कांवर येऊन धडकली आणि वर बघून वैतागली.

"आज्जी, वाटंत का हुबी ऱ्हायलीयास? सर की बाजूला!"

ज्या बाईला मी कुणासमोर एक पाऊल मागे घेताना पाहिलं नव्हतं, ती पटकन उसात सरकली. मलाही हाताने ओढून घेतलं. पोरं आमच्या समोरून गेली, एकही आमच्याकडे न बघता, खोडरबराचा न्याय करत.